सरस्वतीनं ओलांडलेली वेस

करावे गावच्या मासळी बाजारात डाव्या कोपऱ्यात जी बाई बसते, तिच्याशी भाव करायला जाऊ नका. मी तीस वर्षं करून पाहिला. ती पैसे कमी करत नाही, पण शिळं मावरंही कुणाच्या पिशवीत टाकत नाही. "हे बोंबील नेऊ नका ताई, कालचे हायेत," असं गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारी मासेवाली मी दुसरी पाहिलेली नाही. शेजारच्या बायका त्यावरून तिच्यावर चिडतात, कारण मग गिऱ्हाईक त्यांच्या टोपल्यांकडेही संशयानं बघायला लागतं. तिला त्याचं काही वाटत नाही.

तिचं नाव सरस्वती. मी स्मिता, तिथून जवळच सीवूड्सला एका सोसायटीत राहते. मूळची रत्नागिरीकडची असल्यामुळे मला मासे कळतात, आणि बेलापूरच्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांच्या विभागात जन्म काढल्यामुळे फॉर्म कळतात. स्वभाव तापट आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. आमची मैत्री मासे आणि फॉर्म या दोन गोष्टींवर जमली. वयानं ती माझ्याहून मोठी, तरी मला ताई म्हणते, आणि मी तिला सरळ नावानं हाक मारते. तिच्या घरातला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा प्रत्येक अर्ज माझ्या डायनिंग टेबलावर भरला गेला आहे.

आज तिच्याबद्दल लिहायला बसले, त्याला कारण आमचे हे. सुधीरना निवृत्तीनंतर जगाची काळजी लागली आहे. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून ते ब्रेक्झिटवर बोलतात. इंग्लंडनं युरोप सोडला ही किती मोठी चूक, मग आयर्लंडचं काय होणार, पौंडाचं काय होणार. ऐकणारे माना डोलावतात. यांच्यापैकी एकानंही ब्रेक्झिट पाहिलेलं नाही. आमच्या ओळखीत ते जिच्या पायांखालून गेलं अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती करावे बाजारात बोंबील साफ करत बसलेली असते. तिच्याविषयी मला जो अभिमान वाटतो तो बाकावर सांगून कुणाला कळायचा नाही, म्हणून लिहिते.

सरस्वतीचा नवरा नामदेव खाडीत होडी घालायचा. खाडीकाठची शेती शहरासाठी गेली, पुढे खाडीतलं मावरंही कमी होत गेलं, आणि मुलगा आठवीत असताना नामदेव काविळीनं गेला. मुलाचं नाव केतन. सरस्वतीनं टोपली उचलली आणि त्याला इंजिनियर करून मगच पाठ टेकली. केतन आपल्याकडे तळोज्याच्या एका कारखान्यात लागला, आणि तिथून त्याला इंग्लंडमधल्या एका कंपनीत नोकरी मिळाली. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारी कंपनी. व्हिसाची तयारी झाली, गावात पेढे वाटून झाले, आणि कंपनीचा निरोप आला की इंग्लंड युरोपातून बाहेर पडतंय, तेव्हा युरोपात माल विकणं सोपं राहावं म्हणून आम्ही तो विभाग आयर्लंडला हलवतोय, तू तिकडेच ये. करावे गावात ब्रेक्झिट आलं ते असं. पेढे खाल्लेल्या लोकांना देश बदलला म्हणून पुन्हा सांगत फिरावं लागलं.

आता आयर्लंडचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुधीर हे सांगायला तासभर घेतात, मी चार वाक्यांत सांगते. आयर्लंड हे एकच बेट, पण त्याचे दोन भाग. मोठा भाग स्वतंत्र देश, तो युरोपात. उत्तरेचा छोटा भाग ब्रिटनचा. या दोन भागांमधल्या सीमेवर एके काळी सैनिकांच्या चौक्या होत्या, उत्तरेत तीसेक वर्षं माणसं एकमेकांना मारत होती, आणि शेवटी समझोता झाला तेव्हा हळूहळू त्या चौक्या काढून टाकल्या. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यावर हीच रेघ युरोपची वेस झाली, आणि चौक्या परत येतात की काय म्हणून दोन्हीकडची माणसं धास्तावली. अखेर रस्ते तसेच मोकळे ठेवले आणि मालाची तपासणी बंदरांवर नेली, म्हणजे ब्रिटनहून त्यांच्याच उत्तर भागात जाणाऱ्या मालाची झडती सुरू झाली. त्यामुळे एक बाजू सुखावली आणि दुसरी रागावली. ही सात वाक्यं झाली, पण तासापेक्षा बरी.

केतन त्या रेघेला लागून असलेल्या एका आयरिश गावात राहायला गेला. लग्न झाल्यावर स्नेहलही गेली. ती नर्स आहे, जवळच्याच दिवाळे गावची, तिला आई नाही. दोन हजार बावीसच्या तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, तिला पहिलं मूल व्हायचं होतं, म्हणून सरस्वती आयर्लंडचा व्हिसा काढून तीन महिने गेली. अर्ज अर्थात माझ्या टेबलावर भरला. विमानतळावरून घरी जाताना केतननं गाडी खूप लांबच्या वळशानं नेली. सरळ रस्ता मध्येच त्या दुसऱ्या देशातून जातो, आणि सरस्वतीकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. त्यानं तिला बजावलं होतं, "आये, पुढे बॉर्डर आहे. ती ओलांडायची नाय. आपल्या लोकांना तिकडे वेगला व्हिसा लागतो."

सरस्वतीनं हे नीट ऐकलं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की बॉर्डर दिसेल तर ओलांडणार नाही.

"मना वाटला, बॉर्डर म्हंजे तारा असतान, बंदूकवाले असतान, टीव्हीवर दावतात तशी," ती मला नंतर सांगत होती. "तिथं काईच नव्हता ताई. पेट्रोल पंप व्हता. पम्पाच्या फुडं रस्त्याच्या कडेची पिवली रेघ सफेद झाली. आता रेघेचा रंग बदलला म्हनून कोन देश बदलला समजल?"

त्या गावाला एक खाडी आहे, फॉइल नावाची. ओहोटीला चिखल उघडा पडतो. चिखल दिसल्यावर करावेची बाई घरात बसेल हे शक्य नाही. स्नेहलचं बाळंतपण नीट पार पडलं, ऋताचा जन्म झाला, आणि बाळ-बाळंतीण दुपारी झोपल्या की सरस्वती काठावर जाऊ लागली. तिथं तिला नोरा भेटली. सत्तरी ओलांडलेली, गमबूट घातलेली, दगडांवरचे काळे छोटे शंख वेचून बादलीत टाकणारी बाई. सरस्वतीनं पदर खोचला आणि तीही वेचू लागली. नोराला मराठी येत नव्हतं आणि हिला इंग्रजी. तरी नोराचा नवरा युजीन आजारी आहे, त्याला या शंखांतलं उकडलेलं मांस आवडतं, तिचं घर पम्पापलीकडचं पांढरं, हे सगळं सरस्वतीला कळलं. कसं कळलं ते मला विचारू नका. केतननं सांगितलं की ती खाडी नेमकी कुठल्या देशाची, हे शंभर वर्षांत दोन्ही सरकारांचं ठरलेलं नाही. सरस्वतीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. भरतीच्या पाण्याची मोजणी कोण करणार, असं तिचं मत पडलं.

ऑगस्टमध्ये दोन दिवस नोरा काठावर आली नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या बोलण्यातून स्नेहलला कळलं की युजीन गेला. केतन कामावर होता. स्नेहल बाळाला पाजत होती, तिनं सासूला सांगितलं आणि तिला वाटलं, विषय संपला.

करावेत मयताच्या घरी चूल पेटत नाही. आजही नाही, गावात कितीही टॉवर उभे राहिले तरी. शेजारच्या घरातून भात जातो, वरण जातं, आणि नेणारी बाई तिथं बसते, घरातली माणसं दोन घास खाईपर्यंत उठत नाही. बोलावणं येत नसतं. वाट बघायची नसते. सरस्वतीनं मोठ्या पातेल्यात भात लावला, तुरीचं साधं वरण केलं, दोन्ही भांडी पंच्यात गुंडाळली, एक डोक्यावर घेतलं, एक कमरेवर, आणि निघाली. पंप आला, पिवळी रेघ गेली, सफेद रेघ आली, गाड्या जात-येत होत्या, कुणी हटकलं नाही. ती पांढऱ्या घराच्या दारात उभी राहिली.

तिथल्या लोकांमध्येही रीत आहे. मयताला घरातच ठेवतात, पुढच्या खोलीत, उघड्या पेटीत, आणि सगळा गाव येऊन चहा पीत बसतो. शेजाऱ्यांनी सँडविचेस आणलेली होती. नोरानं सरस्वतीला पाहिलं, तिच्या डोक्यावरचं पातेलं पाहिलं, आणि उठून तिच्या गळ्यात पडली. सरस्वती म्हणते, तोपर्यंत ती बाई रडली नव्हती.

मग भात वाढला गेला. खोलीत दोन्ही बाजूंची माणसं होती. नोराचा भाचा आणि शेजारचा एक उंच म्हातारा यांची चांगलीच जुंपली होती. काय भांडत होते, ते नंतर स्नेहलनं नोराला विचारून घेतलं. म्हातारा ब्रिटनला मानणारा. तो स्कॉटलंडहून गुलाबाची रोपं मागवायचा, ब्रेक्झिटनंतर मातीसकट रोपं येऊ देईनात. आमच्याच देशातून आमच्याच देशात येणारं रोप अडवतात, मग आम्ही परके झालो का, असं तो विचारत होता. भाचा म्हणत होता, आता सगळं बेट एक होणार, मग कुठलीच वेस नको. त्या उन्हाळ्यात त्यांची विधानसभा याच भांडणापायी बंद पडली होती. म्हाताऱ्याच्या पक्षानं ठरवलं होतं की बंदरांवरची तपासणी हटेपर्यंत सरकारात बसायचं नाही. दवाखान्यात माणसं रांगा लावून होती आणि निर्णय घ्यायला मंत्री नव्हते.

"मरनाच्या घरान भांडत व्हते," सरस्वती म्हणाली, "पन हातान ताटा व्हती. म्हातारा दोन वेली भात घेऊन गेला."

त्याच म्हाताऱ्यानं तिला गाडीतून घरी सोडलं. पम्पापाशी त्यानं गाडी हळू केली, खिडकीतून बोटानं रस्त्यावर आडवी रेघ काढून दाखवली, मग बंदूक धरल्यासारखे हात केले आणि उंच बुरूज दाखवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की केतन ज्या बॉर्डरबद्दल बोलत होता ती हीच असावी, आणि आपण ती डोक्यावर भात घेऊन ओलांडली.

घरी केतन आलेला होता. तो आईवर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा, असं सरस्वती सांगते. त्याच्या आणि स्नेहलच्या आयरिश नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी चाललेली, आणि आपली आई दुसऱ्या देशात बेकायदा जाऊन आली. रस्त्यात पोलिसांनी विचारलं असतं तर? परत पाठवली असती तर?

"त्या घरान मयत झालती," सरस्वती म्हणाली.

केतननं डोकं धरलं. मग हे कुणालाही सांगायचं नाही असं तिच्याकडून वचन घेतलं. ते तिनं जवळजवळ पाळलं. फक्त मला सांगितलं.

पुढं केतन आणि स्नेहल आयरिश नागरिक झाले. त्या कागदावर त्यांना पम्पाच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच राहता येतं. स्नेहलला डेरी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली, तिकडं घरंही स्वस्त, म्हणून ते रेघेपलीकडं राहायला गेले. केतन रोज गाडीनं देश ओलांडून कामाला जातो. पगार युरोमध्ये येतो आणि भाडं पौंडात जातं. नोरा आता त्यांच्या घराजवळच राहते असं म्हणायला हरकत नाही, बसनं थोडंसं अंतर. दर रविवारी तिचं जेवण त्यांच्याकडं असतं.

दोन हजार चोवीसमध्ये स्नेहलला पुन्हा दिवस राहिले. या वेळी रक्तदाब चढू लागला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. घरात दोन वर्षांची ऋता. केतनची रजा संपत आलेली. नोराला आता फार वाकवत नाही. सरस्वतीला जाणं भाग होतं, आणि घर रेघेपलीकडं असल्यामुळं या वेळी ब्रिटनचा व्हिसा हवा होता.

आम्ही माझ्या टेबलावर बसलो. समोर मोबाईलवर केतन व्हिडिओ कॉलवर. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, उत्पन्न, सगळं भरत गेलो. मग एक प्रश्न आला. तुम्ही यापूर्वी कधी युनायटेड किंगडममध्ये बेकायदेशीरपणे प्रवेश केला आहे का? होय किंवा नाही.

मी प्रश्न मराठीत वाचून दाखवला. माझ्या नोकरीत मी हजारो कागद पाहिले, पण एका चौकटीवर हात असा कधी थांबला नव्हता.

"नाही करा, मावशी," केतन म्हणाला. "पुढचं घ्या."

सरस्वती म्हणाली, "थांब."

"आये, कुनी पाह्यलाय? शिक्का नाय, कॅमेरा नाय. होय लिवलास तर व्हिसा देनार नाय ते. स्नेहलला बघ. ती पलंगावरून उठू शकत नाय."

"मी बघतेय तिला."

"मग?"

सरस्वतीनं पदरानं तोंड पुसलं. घाम आला की ती असं करते, आणि त्या दिवशी माझ्याकडं एसी चालू होता.

"नाय असा लिवला तं त्या मयताला मी चोरून गेली असा होल," ती म्हणाली. "मी चोरून नाय गेली, केतन. दिवसाढवल्या गेली. डोक्यावर भात घेऊन गेली. ती माजी चूक असल तं असू दे, पन चोरी नाय. नोराबायच्या नवऱ्याच्या मयताला मी चोरनीसारखी गेली असा मना लिवायचा नाय."

"आये, तो फक्त फॉर्म आहे."

"तुज्यासाठी."

केतननं फोन ठेवला. खरं सांगते, मला त्या मुलाचाही राग आला नाही. त्याची बायको पडून होती, आणि आई एका चौकटीवर अडून बसली होती. मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला आणि म्हटलं, "काय लिहू ते तू सांग. मी तेवढंच लिहीन."

"होय लिवा," ती म्हणाली. "आनी कारन लिवायला जागा हाय का?"

जागा होती. तिनं सांगितलं, मी इंग्रजी केलं. शेजारच्या घरी मृत्यू झाला होता. आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे त्या घरी जेवण घेऊन गेले. सीमा कुठे आहे ते समजलं नाही. समजल्यावर पुन्हा तिकडे गेले नाही. या वेळी विचारून येते आहे. शेवटचं वाक्य मला गाळावंसं वाटलं होतं, पण तिनं ते पुन्हा वाचून घेतलं, म्हणून राहिलं.

व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे घेताना यंत्राला तिची बोटं सापडेनात. कोयती आणि खाऱ्या पाण्यानं रेषा घासून गेल्या आहेत. तिथल्या मुलीनं बोटं पुसली, क्रीम लावलं, पुन्हा पुन्हा दाबली. सरस्वती तिला म्हणाली, "दाब बाय, जोरान दाब, मीच हाय ती." शेवटी ठसे उमटले.

मग वाट बघणं सुरू झालं. केतननं आईला फोन करणं बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही, नुसता अबोला. स्नेहल पलंगावरून फोन करायची, ऋताला दाखवायची, आणि केतन मागून जाताना दिसायचा. बाजारात बातमी फुटली. मग काय, जो तो शहाणा. एवढं खरं बोलायला ही काय कोर्टात उभी होती का, पोराच्या संसारापेक्षा हिला गोऱ्या म्हाताऱ्याचं मयत मोठं, असं तिच्या तोंडावर बोलणारेही होते. मी एकदा ऐकलं आणि भर बाजारात त्या बाईला असं काही सुनावलं की मला त्या आठवड्यात दुसरीकडून पापलेट घ्यायची सोय उरली नाही.

एके दिवशी रुग्णालयातून बातमी आली की स्नेहलला दाखल करून घेतलंय. रक्तदाब उतरत नाही. त्या दुपारी सरस्वती माझ्याकडं आली, टोपली खाली ठेवली आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसली. खुर्चीवर बस म्हटलं तर ऐकू आलं नाही.

"ताई, मी चुकली काय?"

तीस वर्षांत तिनं मला हा प्रश्न विचारला नव्हता. नामदेव गेला तेव्हा नाही, केतनला परदेशी पाठवलं तेव्हा नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले. म्हटलं, "नाही चुकलीस. आणि उद्या ते नाही म्हणाले तरी चुकलेली नाहीस."

तेवढ्यात स्नेहलचाच फोन आला. चेहरा सुजलेला, हाताला सुई लावलेली, मागं यंत्रांचा आवाज. ती म्हणाली, "आई, केतनकडं लक्ष देऊ नका. तो घाबरलाय, म्हणून बोलत नाही. नोरा रोज इथं येऊन बसते माझ्याजवळ. तुम्ही नाही असं लिहिलं असतंत, तर मी तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघितलं असतं?"

सरस्वती म्हणाली, "औषधा टायमावर घे." उठताना तिनं टोपली एका हातानं उचलली, नेहमीसारखी.

व्हिसा आला. पासपोर्टचं पाकीट तिनं न फोडता माझ्याकडं आणलं, आणि मी ते फोडताना ती तोंड फिरवून खिडकीतून खाली बघत होती. मी पान उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं स्वतःचा फोटो ओळखला आणि मग खुर्चीवर बसली. सुधीरनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. तिनं केतनला फोन लावायला सांगितलं नाही. म्हणाली, स्नेहलला कळवा, ती सांगल त्याला.

लंडनला विमान बदलायचं होतं आणि पहिली तपासणी तिथंच व्हायची होती. मी तिला व्हीलचेअर घे म्हणून सांगितलं, म्हणजे सोबत कुणीतरी राहतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी विषय सोडून दिला. पुढं जे झालं ते तिनंच डेरीहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, एका हातात नातू धरून. हो, नातू. ती पोचल्यानंतर त्याच आठवड्यात झाला, स्नेहल सुखरूप आहे, आणि त्याचं नाव अभिराम.

लंडनला काचेमागं एक तरुण अधिकारी बसला होता. पगडीवाला, म्हणून हिला वाटलं हिंदीत बोलेल, पण तो इंग्रजीतच बोलला. पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितला, आणि विचारलं की यापूर्वी आलात का. एवढं इंग्रजी तिला कळलं. विमानात तिनं याच प्रश्नाची भीती धरली होती.

"काय सांगितलंस?"

"बोलली, येस. वन टाईम. वॉकिंग."

त्यानं मान वर केली. कशासाठी, असं त्यानं विचारलं. मयताला इंग्रजी शब्द काय ते हिला आठवेना. मग तिनं डोळे मिटून, हात छातीवर घेऊन मेलेल्या माणसाची खूण केली, आणि लगेच डोक्यावर पातेलं धरल्याची. मागं रांगेत उभी असलेली माणसं बघत होती. अधिकाऱ्यानं पुन्हा स्क्रीनवर काहीतरी वाचलं, बराच वेळ वाचलं, माझंच इंग्रजी असणार ते. मग त्यानं पासपोर्ट दोन्ही हातांनी तिला परत दिला आणि हिंदीत म्हणाला, "जाइए, माँजी."

ती हे सांगत असताना मागून केतन आला आणि कॉलमध्ये डोकावला. मी त्याच्याशी जरा तुटकच बोलले. राग गेला असला तरी दाखवायचा राहिला होता.

सरस्वती म्हणाली, "ताई, ह्याला इचारा जरा. दवाखान्यान, दुकानान, नोराबायच्या घरान, जो भेटल त्याला माज्याकडं बोट दावून इंग्लिशमधी काईतरी बोलतो. सगले माजा हात हातान घेतान. त्या गुलाबवाल्या म्हाताऱ्यानं तं टोपी काडली. काय बोलतो ता मना सांगतच नाय."

"काय रे बोलतोस?" मी विचारलं.

केतन आईकडं बघेना. बाळाची दुपटी सारखी करत राहिला, आणि मग मला मराठीत म्हणाला, "एवढंच सांगतो, मावशी. ही माझी आई. ही इथं पहिल्यांदा आली तेव्हा चालत आली होती."